घोरता का? होय / नाही

सहलीच्या अर्जातला चौदावा प्रश्न होता 'घोरता का?', आणि त्यापुढच्या 'नाही'वर तिने क्षणभरही न थबकता बरोबरची खूण केली. तेराव्याला, म्हणजे 'पोहता येतं का'ला, ती थबकली होती. बाराव्याला, 'उंचावर चक्कर येते का', ती चक्क उठून गॅलरीत गेली, तिसऱ्या मजल्यावरून खाली वाकून बघून आली आणि मग समासात 'थोडीशी' असं लिहिलं. अर्ज म्हटला की तिच्या अंगात खरेपणा संचारायचा. इस्पितळाच्या कान विभागात एकतीस वर्षं तिने लोकांची श्रवणशक्ती तपासली होती आणि कागदावर खोटं लिहिणारा माणूस नेमका कुठे अडखळतो हे तिला पाठ होतं. चौदाव्याला तिचं पेन अडखळलं नाही. समोर बसलेली लेक अर्ज उलटा वाचत होती. लेक दातांची डॉक्टर होती, आणि आईला सहा दिवस बेटावर पाठवायची ही कल्पना तिच्याच डोक्यातली. "आई, चौदावं चुकलंय," लेक म्हणाली, आणि काय चुकलंय असं विचारल्यावर तितक्याच सहजपणे म्हणाली, "तू घोरतेस." ती हसली. लेक हसली नाही. मग लेकीने जे सांगितलं त्यात थट्टेचा मागमूस नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. लहानपणी भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. एकदा मुक्कामाला आलेल्या मैत्रिणीने सकाळी विचारलं होतं की तुमच्याकडे रात्री फरशी घासतात का. खालच्या मजल्यावरच्या काकांनी पलंग दुसऱ्या खोलीत हलवला तो त्याच सुमारास. "मला वाटलं तुला माहीत आहे," लेक म्हणाली. म्हणजे घराला माहीत होतं, खालच्या मजल्याला माहीत होतं, एका रात्रीपुरत्या आलेल्या पाहुणीला माहीत होतं, आणि जिने साऱ्या गावाचे कान तपासले तिलाच तेवढं माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आधी तिला राग आला, मग लाज वाटली आणि मग लेकीची गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाल्यावर, चहाचे कप विसळताना, खरी गोष्ट वर आली. नवरा. छत्तीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले तो माणूस. त्याने कसं नाही सांगितलं? दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर म्हणता आलं असतं की भला माणूस होता, पोटात ठेवलं. पण तिच्या नवऱ्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नसे. तो काचेच्या कारखान्यात तपासनीस होता. उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि हा त्यातल्या बुडबुडा असलेल्या, खडा राहिलेल्या, मान वाकडी झालेल्या बाटल्या उचलून बाजूला काढायचा. दिवसभर दोष काढायचे आणि त्यासाठी शाबासकी मिळवायची, असं आयुष्य गेल्यावर माणसाचं घरी आल्यावर काय होणार? पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी तो उजेडात धरायचा. कपाटाचं दार ती पूर्ण लावत नाही, एक बोट फट ठेवते. वर्तमानपत्राची घडी उलटी घालते. तिची डाव्या पायाची चप्पल उजवीपेक्षा जास्त वाजते. (हे तिने पुढे कॉरिडॉरमध्ये चालून तपासलं होतं, आणि खरं निघालं होतं.) तिच्या आईचं हसू दोन वेळा सुरू होतं. ती फोनवर बोलताना भिंतीचा रंग नखाने खरवडते. एवढं सगळं ज्याने काढलं, बोलून दाखवलं, पुन्हा पुन्हा दाखवलं, त्याने हाताच्या अंतरावर रात्रभर फरशी घासल्याचा आवाज ऐकावा आणि छत्तीस वर्षं मूग गिळून बसावं? त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. विचारायची सोय नव्हती. तिने कपाटाचं दार लावलं, आणि एक बोट फट राहिली ती पाहून पुन्हा लावलं.

अर्ज मात्र गेला होता. लेकीने तो तिथल्या तिथे फोनवरून फोटो काढून धाडला, चौदाव्या उत्तरासकट, कारण 'तुझं तू बघ' हे लेकीचं धोरण होतं. आणि सहलवाला भलता तत्पर निघाला. एकट्या येणाऱ्या बायकांची तो जोडी लावून देत असे, घोरणारीला घोरणारी आणि न घोरणारीला न घोरणारी, आणि या जोडणीचा त्याला एखाद्या लग्न जमवणाऱ्यासारखा अभिमान होता. दुसऱ्याच दिवशी तिच्या खोलीसोबतिणीचा फोन आला. त्या पोहणं शिकवणाऱ्या बाई होत्या, निवृत्त. तीस वर्षं तलावाच्या काठावर उभं राहून पाण्यातल्या मुलांना ओरडून सांगण्यात गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नव्हतं, किंवा येत असलं तरी त्याची गरज पडली नव्हती. तिने फोन कानापासून वीतभर लांब धरला, तरी शब्द न् शब्द कळत होता. त्या म्हणाल्या की त्यांना भरतीच्या वेळा पाठ आहेत, त्या खिडकीकडची खाट घेतील, सकाळी साडेपाचला उठतील, आणि एकच सांगणं आहे. "माझी झोप मांजराची आहे. टाचणी पडली तरी जाग येते. म्हणून मी सहलवाल्याला बजावलंय, घोरणारी नको. तुम्ही नाही ना घोरत?" या प्रश्नाला ती जे बोलली ते होय नव्हतं आणि नाहीही नव्हतं. ती म्हणाली की तुमचा आवाज जरा तुटतोय. तिच्या उभ्या आयुष्यात एवढा न तुटणारा आवाज तिने ऐकला नव्हता.

शनिवारी सहलवाल्याने सगळ्यांना एका इमारतीच्या तळघरातल्या खोलीत जमवलं. चाळीस खुर्च्या, एक पडदा, आणि प्रत्येक खुर्चीवर एक केशरी टोपी. बेटावर ही टोपी डोक्यावरून काढायची नाही, कारण वाटाड्याला माणसं दिसत नाहीत, टोप्या दिसतात, असं तो म्हणाला. त्याने पडद्यावर बेट दाखवलं: नारळ, निळं पाणी, पुन्हा नारळ. मग यादी वाचली. ओल्या खडकावर न घसरणारे बूट, उन्हाचं मलम, डासांचं मलम, ही मलमं लावायचा क्रम, आधी उन्हाचं, मग डासांचं. पाण्यातला कासवांचा प्रदेश बघायला जाताना कुणी बोलायचं नाही, कासवं बुजतात. लोक वहीत लिहून घेत होते. एका जोडप्याचं कासवांवरून कुजबुजत भांडण चाललं होतं, त्याला कासवं बघायची होती आणि तिला गप्प बसायचं नव्हतं. ती त्या दोघांकडे बघत राहिली. ही बाई घोरत असेल का? आणि हा सांगत असेल का? मग तिने खोलीतल्या सगळ्याच जोडप्यांकडे तसं बघितलं, आणि तिला वाटलं की या तळघरातल्या निम्म्या माणसांना उरलेल्या निम्म्यांचं असं काहीतरी ठाऊक आहे, जे उरलेल्यांना स्वतःला ठाऊक नाही, आणि ही सगळी निवांतपणे मलमांचा क्रम लिहून घेताहेत. पोहण्याच्या बाई पुढच्या रांगेत होत्या. उंच, ताठ, गळ्यात सवयीने अडकवलेली शिट्टी. त्यांनी मागे वळून टोप्यांमधून तिला बरोबर ओळखलं आणि हात हलवला. तिनेही हलवला, आणि तिला आपण चोर असल्यासारखं वाटलं.

चोराच्या मनात चांदणं, तसं मग तिला जिथे तिथे दिसायला लागलं. ओल्या खडकावरचे बूट घ्यायला ती दुकानात गेली, विक्रेत्याने पायात बूट चढवून चालून बघा म्हटलं, आणि चालता चालता तिला रात्रपाळी आठवली. लेक चौथीत असताना नवऱ्याने तीन वर्षं रात्रपाळी मागून घेतली होती. मागून. बाकीचे लोक रात्रपाळी टळावी म्हणून साहेबाच्या पाया पडत, आणि हा म्हणायचा, उन्हाळ्यात भट्टीजवळ रात्रीच बरं असतं. उन्हाळ्याचं ठीक होतं. पण पाळी हिवाळ्यातही होती. विक्रेता विचारत होता की अंगठ्याला लागतात का, ती म्हणाली, लागतंय, आणि त्याने एक नंबर मोठा आणून दिला. टॉवेलांच्या कप्प्यात बारीक कंगवा शोधताना कापसाची गुंडाळी सापडली. तो आंघोळीआधी कानात कापूस घालत असे, पाणी जाऊ नये म्हणून. असं तो म्हणायचा. पण मग कापूस त्याच्या उशाच्या कप्प्यात का असे? रविवारी दुपारी तो बाहेरच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून झोपायचा, पाठीला गार लागतं म्हणून. पहाटे पाचला उठून फिरायला जायचा, पावसातसुद्धा. या एकेका गोष्टीला त्या त्या वेळी एकेक सरळ कारण होतं आणि तिने ते कधी उलटून बघितलं नव्हतं. बाटल्या उजेडात धरायचं काम त्याचं होतं. आता ते तिच्याकडे आलं होतं, आणि प्रत्येक बाटलीत बुडबुडा निघत होता.

आणि सगळ्यांत मोठा बुडबुडा तर तिच्या स्वतःच्या खोलीतला. कान तपासायची खोली म्हणजे इस्पितळातली सगळ्यांत शांत जागा. जाड दार, भिंतींना गाद्यांसारखं अस्तर, आत एक खुर्ची. माणसाच्या कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, दार लावायचं, आणि बाहेर काचेपलीकडे बसून बारीक बारीक होत जाणारे सूर सोडायचे. ऐकू आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा, हे वाक्य ती दिवसातून तीस वेळा म्हणत असे. त्यावरून इस्पितळात तिचं नाव बटणबाई पडलं होतं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांची वर्षातून एकदा तपासणी व्हायची, आणि नवरा ती कधी चुकवत नसे. त्याचे कान इतके तीक्ष्ण होते की तरुण डॉक्टरांना शिकवण्यासाठी त्याचा आलेख दाखवत. पान सळसळल्यापेक्षा बारीक सुराला त्याचं बटण दाबलं जायचं. तेव्हा 'त्याची झोपच गाढ, त्याला ऐकू येत नसेल' ही पळवाटही तिला उरली नव्हती, ती तिने स्वतःच्या हाताने, आलेखावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या काढून, दरवर्षी बंद केली होती. आणि तपासणी झाल्यावर तो म्हणायचा, पाच मिनिटं बसू दे ना आत, किती शांत आहे. ती बसू द्यायची. तिला बरं वाटायचं. माझ्या कामाची जागा याला आवडते, असं वाटायचं. एका वर्षी पाच मिनिटांनी दार उघडलं तर तो खुर्चीत मान टाकून गाढ झोपलेला होता, तोंड उघडं, चेहरा लहान मुलाचा. तिने त्याला अर्धा तास तसाच झोपू दिला होता आणि बाहेरच्या दोन म्हाताऱ्यांना यंत्र बिघडलंय असं सांगितलं होतं. ही तिची इतक्या वर्षांची लाडकी आठवण. आता त्या आठवणीकडे तिला बघवेना. बिचारा वर्षातून एकदा नीट झोपायला येत होता.

लेकीने फोन करून तयारी विचारली तेव्हा ती म्हणाली की मी जात नाही. लेक म्हणाली, घोरण्यावरून? अगं, दातांमध्ये बसवायचं एक साधन असतं, जबडा पुढे राहतो, मी करून देते, ये उद्या. लेकीला प्रत्येक दुःखाच्या मापाचा साचा घेता येतो असं वाटे, आणि तिच्या धंद्यात ते बरंचसं खरंही होतं. ती म्हणाली, साधन नको. मग जरा थांबून तिने विचारलं की बाबा कधी तुझ्यापाशी काही बोलले होते का. लेक म्हणाली, कशाबद्दल? "ह्याबद्दल." लेकीने विचार केला, तो विचार फोनमधून ऐकू आला, आणि मग म्हणाली, नाही, कधीच नाही. "बाबा आणि गप्प? नवलच आहे." ते नवलच तर तिला खात होतं. खरं सांगायचं तर बेटाशी, नारळांशी, कासवांशी तिला आता काही देणंघेणं उरलं नव्हतं. तिला एवढंच कळायला हवं होतं की आपल्या शेजारी तो माणूस कसा जगला. त्याने तक्रार केली असती तर तिने ती ऐकली असती, वाद घातला असता, त्याच्या चार सवयी काढल्या असत्या, झालं असतं. पण सगळ्याची तक्रार करणारा माणूस एकाच गोष्टीबद्दल गप्प बसतो तेव्हा ती गोष्ट तक्रारीच्या पलीकडे गेलेली असते. कारखान्यात अशा बाटल्या तो बाजूलाही ठेवत नसे, त्या सरळ फोडायला टाकत. आपण फोडायला टाकलेली बाटली आहोत असं तिला वाटू लागलं. सहलवाल्याने शुक्रवारपर्यंत काय ते पक्कं कळवा म्हटलं होतं.

तरीही एकतीस वर्षांचा धंदा गप्प बसू देईना. ऐकीव माहितीवर निदान करायचं नाही, आधी चाचणी, हे तिनेच शिकाऊ मुलींना शिकवलं होतं. म्हणून सोमवारपासून ती रोज दुपारी दोन वाजता, स्टुलावर फोन ठेवून, त्यातलं आवाज टिपायचं बटण दाबून, झोपायला लागली. अंतर मोजून दोन हात, म्हणजे तो जितक्या अंतरावर असायचा तितकं. पण झोप म्हणजे काही बोलावल्यावर येणारी बाई नव्हे. सोमवारी ती दीड तास डोळे मिटून पडली, एका पायाला मुंग्या आल्या, आणि नंतर ऐकलं तर त्यात पंख्याचा आवाज, समोरच्या इमारतीतलं भोक पाडायचं यंत्र आणि मध्येच तिच्याच आवाजात "येईल आता" एवढंच होतं. मंगळवारी झोप आली असं तिला वाटलं, पण फोनचा साठा भरला होता. लेकीने पाठवलेले नारळांचे फोटो काढून टाकावे लागले. बुधवारी झोप लागली, पण ती कुशीवर, उशीत तोंड खुपसून, गुन्हेगाराला आधीच सुगावा लागावा तशी, आणि श्वास इतका हळू की तो आहे की नाही हे तिलाच तपासून बघावंसं वाटलं. तिच्या मनात क्षणभर आशा डोकावली. लेक चुकली असेल. खालच्या काकांना वेगळाच आवाज येत असेल. पण तिने स्वतःला दटावलं. ऐकू येत नाही असं सोंग आणणारे कितीतरी लोक तिने पकडले होते, त्यातले बरेचसे स्वतःलाच फसवत होते. त्यांच्यासाठी तिची एकच युक्ती होती. त्यांना कंटाळू द्यायचं. माणूस कंटाळला की खरा होतो.

गुरुवारी ती खरोखर कंटाळली. सकाळी बूट परत करायला गेली, कारण सहल रद्दच करायची तर बूट कशाला, आणि विक्रेत्याने घेतले नाहीत, कारण तिने ते घरात घालून फिरल्याच्या खुणा तळव्यांवर होत्या. नवा नंबर जरा सैल होता, म्हणून ती स्वयंपाकघरात घालून फिरली होती. बूट घेऊन ती उन्हातून परत आली, तीन मजले चढली आणि केशरी टोपीसकट पलंगावर आडवी झाली. फोनचं बटण सवयीने दाबलं. जाग आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते, टोपी जमिनीवर होती, आणि जिभेला कोरड पडली होती. ती पाणी प्यायली. मग कानांत इयरफोन घातले, उजव्यात उजवा, डाव्यात डावा, हातात पेन्सिल आणि कागद घेतला, आणि आपण एका अनोळखी माणसाची तपासणी करतो आहोत अशा आवाजात स्वतःला म्हणाली, कितीही बारीक असला तरी.

बारीक नव्हताच. एकविसाव्या मिनिटाला सुरू झाला. तिने कागदावर नोंद केली: खालची पट्टी, दाणेदार, श्वास घेताना जास्त. फरशी घासल्याची उपमा त्या मैत्रिणीने बरोबर दिली होती, फक्त फरशी बरीच मोठी होती. पहिली पाच मिनिटं तिच्या कानांना चटके बसले. मग हळूहळू धंद्याने लाजेवर मात केली, आणि तिला त्या आवाजाचं जरा कौतुकही वाटलं. एवढ्याशा देहातून एवढा ऐवज. बत्तीस, पस्तीस, अडतीस. आवाज चढत गेला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला तो इतका चढला की तिने इयरफोन ओढायला हात वर नेला, आणि त्याच वेळी तो मध्येच थांबला. थोडी शांतता. मग एक आवाज आला, झोपेने जड झालेला, वैतागलेला, पण स्वच्छ. तिचा स्वतःचा. "वळतेय हो. ढकलू नका." पलंग करकरला. त्यानंतर श्वास, सरळ, हळू, कुशीवरच्या माणसाचा, शेवटपर्यंत.

तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. त्या शांततेत पंखा होता, खाली रस्त्यावर एका दुचाकीचा हॉर्न होता, आणि दुसरं कुणीही नव्हतं. कुणी काही म्हटलं नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. पाचव्यांदा ऐकताना तिला इस्पितळातले जुने रुग्ण आठवले, वर्षानुवर्षं तपासणीला येणारे. त्यांच्या बाबतीत सावध राहावं लागे. त्यांना सुरांची लय इतकी अंगवळणी पडलेली असे की बाहेरून सूर सोडला नाही तरी, ज्या क्षणाला तो यायला हवा त्या क्षणाला, त्यांचं बोट आपोआप बटण दाबे. खोटं बोलत नसत ते. त्यांना तो खरोखर ऐकू येई. आणि मग तिला सगळं एकदम कळलं, आणि ती मोठ्याने हसली, रिकाम्या घरात, केशरी टोपी पायाखाली तुडवत. तो बोलत होता. तक्रार होती. रोजची होती, आणि नुसती तोंडी नव्हती, ढकलून होती. छत्तीस वर्षं रात्री केव्हातरी तो म्हणत होता, वळ गं जरा, आणि ती म्हणत होती, वळतेय हो, आणि वळत होती. दिवसा तो विषय काढायचं त्याला कारणच नव्हतं. रात्रीचा मामला रात्री मिटलेला असायचा. तिला वाटलं होतं की तिच्यापासून एक गोष्ट लपवली गेली. उलट त्या दोघांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा झालेलं बोलणं तेच असणार, आणि त्यात तिने एकदाही वाद घातला नव्हता. हसता हसता तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. रात्रपाळीचं काय, कानाच्या खोलीतल्या झोपेचं काय, ते त्या दोन वाक्यांतून काही कळलं नाही. ढकलूनसुद्धा माणूस कधी कधी थकत असेल. तेवढं थकायचा त्याला हक्क होता. पण तिचं बोलणं अजून चालूच होतं, सहा वर्षं, रोज, पलीकडून कुणी काही म्हणत नसताना.

सहा वाजता तिने पोहण्याच्या बाईंना फोन लावला. तोंड धुतलं होतं, तरी आवाज जाड येत होता. तिने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, मी अर्जात खोटं लिहिलं, म्हणजे लिहिताना ते खोटं नव्हतं, पण आता आहे. मी घोरते. चांगलीच घोरते. तुम्हाला दुसरी सोबतीण बघायची असेल तर आज वेळ आहे, सहलवाला उद्या संध्याकाळपर्यंत थांबणार आहे. मग बाईंनी विचारलं की यावर काही उपाय आहे का, का शिट्टी वाजवू. ती म्हणाली, शिट्टी नको. उपाय आहे, अगदी साधा आहे, मी आजच तपासून बघितलाय.

"तुम्ही नुसतं 'वळ' म्हणायचं. हळू. मी वळते."

"एवढंच? आणि तुम्हाला जाग येते?"

"नाही येत. तरी वळते."

बाईंना हे पटलेलं दिसलं नाही, पण त्या शिकवणाऱ्या बाई होत्या, कुठलीही गोष्ट एकदा करून बघितल्याशिवाय त्या सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी घसा खाकरला. "वळा," त्या म्हणाल्या, तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं. ती म्हणाली, असं नाही, फार मोठं झालं. आणि अहो-जाहो करू नका, त्या वेळी मला ते माझ्यासाठी आहे हे कळायचं नाही. पलीकडे बहुधा बाई तीस वर्षांत न वापरलेला आवाज कुठे ठेवलाय ते शोधत असाव्यात. मग तो आला, अगदी बारीक, जरा घोगरा, कानाशी.

"वळ."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला, पलंगाच्या कडेवर बसली, आणि बाईंनी पुन्हा विचारल्यावर, जमलं का म्हणून, ती म्हणाली की जमलं, अगदी बरोबर जमलं.

"आणि नाहीच वळले," ती म्हणाली, "तर ढकललंत तरी चालेल."